‘मी खंबीर आहे’ म्हटल्याने तोल सावरतो का?

पत्र

स. न. वि. वि.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या. उजवा गुडघा दुखरा, म्हणून दोन वर्षं काठी वापरतात. गेल्या महिन्यात गावातल्या देवळाच्या सभामंडपात सकारात्मक शब्दांच्या शक्तीवर शिबिर झालं. तिथल्या मार्गदर्शकांनी त्यांना हात बाजूला आडवा धरायला लावला. ‘मी कमजोर आहे’ म्हटल्यावर हात दोन बोटांनी खाली गेला; ‘मी खंबीर आहे’ म्हटल्यावर जोर लावूनही हलला नाही. मग हात समोर धरून कमरेतून मागे वळायला सांगितलं. डोळे मिटून चांगले शब्द म्हटल्यावर बोट आधीपेक्षा बरंच पुढे गेलं. तेव्हापासून रोज सकाळी २१ वेळा ते वाक्य चालू असतं, खळ्यातून (अंगणातून) पायऱ्या उतरतानासुद्धा. काठी कोपऱ्यात गेली, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम बंद झाले. परवा शेवटच्या पायरीवर घसरल्या, खरचटण्यावर निभावलं. शिबिरात १,५०० रुपयांचा ऊर्जेचा बिल्लाही होता, आता तो हवा म्हणतात. शब्दांनी तोल आणि हाताची पोच खरंच वाढते का? ‘नाही’ म्हणावं तर मी स्वतः पाहिलंय.

— एक सून, ता. वेंगुर्ले

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही पाहिलं ते घडलंच. सासूबाईंना कुणी भूल पाडली नव्हती. गफलत आहे ती कशामुळे घडलं या प्रश्नात, आणि तिचं उत्तर तुमच्या घरच्या भिंतीवर मोजायच्या एका टेपने काढता येतं. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी हाताचा खेळ. ही चाचणी जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर (हातांनी मणका आणि सांधे दाबून उपचार करणारे) जॉर्ज गुडहार्ट यांनी स्नायू दाबून पाहून निदान करायची पद्धत काढली, आणि शिबिरांतला हात दाबण्याचा प्रकार तिच्यातूनच आला. आता हिशेब बघा. खांद्यापासून मनगट साधारण ५० सेंटीमीटर, कोपर त्याच्या जेमतेम निम्म्यावर. मनगटावर दाबलं तर हात ज्या जोराने खाली येतो, त्याच्या जवळपास दुप्पट जोर कोपराजवळ दाबताना लागतो. पाटी तीच, ओझंही तेच, पण काठीच्या टोकाला टांगलं की जड लागतं, तसंच हे. शिवाय दाब सरळ खाली न देता किंचित बाहेरच्या बाजूला दिला की माणूस पायांच्या आधारापलीकडे झुकतो आणि हात सोडून देतो. तोच दाब किंचित आत, अंगाकडे दिला की माणूस जागच्या जागी रोवल्यासारखा उभा राहतो. दाबणाऱ्याला आपण हे करतो आहोत याचा पत्ताही नसू शकतो. मनात अपेक्षा असली की हात नकळत तसा वागतो, हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. म्हणून आम्ही त्या मार्गदर्शकांना लबाड म्हणणार नाही. पण दाबणारा आणि दबणारा, दोघांनाही कोणता शब्द चालू आहे हे कळू न देता जेव्हा अशा चाचण्या घेतल्या गेल्या, तेव्हा निकाल नाणं उडवण्यापेक्षा सरस आला नाही.

कमरेतून वळण्याचं तर सोपं आहे. दुसऱ्या खेपेला अंग मोकळं झालेलं असतं, ताण सहन करायची तयारी वाढलेली असते. पहिल्या खेपेची खूण डोळ्यांसमोर असते, म्हणजे गाठायला एक ठिकाण मिळालेलं असतं. आणि पाय घट्ट रोवून ठेवायला कुणी सांगितलेलं नसेल तर गुडघा आणि टाचही गुपचूप वळतात. चांगल्या शब्दांऐवजी बे एके बे म्हणायला लावलं तरी बोट पुढे जाईल. आज संध्याकाळी पडवीत मुलांना करायला लावून बघा.

इथवर वाचून सासूबाईंना पत्र दाखवू नका, कारण गोष्ट इथे संपत नाही. शब्दांचा परिणाम होतोच. मात्र तो स्नायूवर होत नाही, ब्रेकवर होतो.

उभं राहून पुढे हात लांबवताना शरीराचं वजन पावलांच्या चौकटीवर राहावं लागतं. त्या चौकटीची कड म्हणजे खरी हद्द. पण मेंदू तिथपर्यंत जाऊच देत नाही, थोडा आधीच ब्रेक लावतो. पडण्याची भीती जितकी जास्त, तितका ब्रेक लवकर. भ्यालेला माणूस घोटे ताठ करतो, श्वास धरतो, पावलं आखूड टाकतो, आणि त्या ताठरपणामुळेच डगमगतो. म्हणजे मेंदूचा ब्रेक आणि शरीराची हद्द यांच्यात काही बोटांचं अंतर उरतं. शब्द काम करतात ते तेवढ्या अंतरात. हद्द पुढे सरकवायची असेल तर पोटऱ्या, मांड्या आणि घोटे कमवावे लागतात. त्याला दुसरा मार्ग नाही. तुमच्या घरी झालं ते असं: वाक्याने ब्रेक सैल केला, व्यायाम बंद झाल्याने हद्द मागे आली, आणि दोन्हींची गाठ ओल्या पायरीवर पडली.

ब्रेक सैल होतो याला आधार आहे. १९९९ साली अमेरिकेत ६३ ते ८२ वयाच्या ४७ निरोगी लोकांना संगणकावर खेळ खेळायला दिला आणि खेळता खेळता, वाचताही येणार नाहीत इतक्या झरझर, काही शब्द पडद्यावर दाखवले. एका गटाला ‘शहाणे’, ‘कर्तबगार’ अशा अर्थाचे, दुसऱ्याला ‘परावलंबी’, ‘रोगट’ अशा अर्थाचे. अर्ध्या तासानंतर पहिल्या गटाची चाल सुमारे ९ टक्क्यांनी सुधारली. पण ती सपाट जमिनीवरची चाल होती, धडधाकट माणसांची होती आणि लगेच मोजलेली होती. त्यातून पायरीवर काठी सोडून द्यायचा परवाना निघत नाही. २०१२ मध्ये वयस्क स्त्रियांना हलत्या फळीवर तोल धरायला शिकवताना, ‘तुमच्यासारख्या हिंडत्याफिरत्या बायकांना हे चांगलं जमतं’ असं नुसतं सांगितलं, तर त्या न सांगितलेल्यांपेक्षा चांगलं शिकल्या. शिकल्या म्हणजे सराव केलाच; शब्दाने सरावाला धार आली. खेळाडूंच्या स्वतःशी बोलण्यावरचे ३२ अभ्यास २०११ साली एकत्र तपासले गेले, तेव्हाही मध्यम पण खरा फायदा दिसला. त्यातही जिथे बारकाव्याचं काम, तिथे स्वतःला शाबासकी देणाऱ्या शब्दांपेक्षा ‘काय करायचं’ ते सांगणारे शब्द जास्त उपयोगी ठरले.

इथे आपल्याकडची एक जुनी गोष्ट कामाला येते. व्हाळावर (ओढ्यावर) माडाचा ओंडका टाकलेला साकव ओलांडताना मोठी माणसं काय सांगतात? पायाकडे बघू नको, पाण्याकडे तर नकोच, पल्याडच्या झाडाकडे बघ. वाहतं पाणी डोळ्यांना सांगतं की तूच हलतो आहेस, आणि अंग उगाच सावरू लागतं. आणि लक्ष स्वतःच्या पायात अडकलं की जे घोटे आपोआप तोल राखत होते त्यांच्या कामात आपण लुडबुड करतो. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९८ पासून तोलाच्या फळ्यांवर हेच पुन्हा पुन्हा दाखवलं: अंगाकडे लक्ष देणाऱ्यापेक्षा अंगाबाहेरच्या खुणेकडे लक्ष देणारा स्थिर राहतो. ‘मी खंबीर आहे’ हे वाक्य लक्ष आत वळवतं. समोरच्या खांबाकडे बघत म्हटलेला ‘खांब’ हा एक शब्द ते बाहेर नेतो. सासूबाईंचं वाक्य आम्हाला बदलायचं आहे ते एवढ्यासाठीच. (पायऱ्यांवर मात्र साकवाचा नियम लावू नका. तिथे नजर दोन पायऱ्या पुढे हवी.)

आता टेपची चाचणी. ही १९९० मध्ये पामेला डंकन आणि सहकाऱ्यांनी बसवलेली आहे आणि जगभर वापरतात. भिंतीवर खांद्याच्या उंचीला टेप आडवा चिकटवा. सासूबाईंनी अनवाणी, भिंतीला बाजू करून उभं राहायचं, भिंतीला टेकायचं नाही. भिंतीकडचा हात समोर सरळ, मूठ वळलेली. मधल्या बोटाचं मुठीवरचं हाड टेपवर कुठे आहे ते लिहा. मग पाऊल न उचलता जितकं जमेल तितकं पुढे वाकून हात लांबवायचा, तीन सेकंद थांबायचं, पुन्हा तेच हाड कुठे आलं ते लिहा. वजाबाकी म्हणजे पोच. तीनदा करा, पहिली सोडून उरलेल्या दोन्हींची सरासरी धरा. २५ सेंटीमीटर किंवा जास्त आली तर बरं, १५ ते २५ मध्ये सावध, १५ च्या आत आली तर पडण्याचा धोका चांगलाच. तुम्ही त्यांच्या बाजूला एक पाऊल मागे उभ्या राहा, समोर पाठीची भक्कम खुर्ची ठेवा, प्लास्टिकची नको. चुकतं ते इथे: सुरुवातीलाच खांदा पुढे काढलेला असतो, टाच उचलली जाते, हात टेपवर घासतो, नाहीतर कंबर पिळून हात लांब केला जातो. यातलं काही झालं तर ती खेप रद्द.

सरासरी कळली की शब्दांची परीक्षा. नऊ चिठ्ठ्या करा. तीनवर ‘मी खंबीर आहे’, तीनवर ‘आज बाजाराचा दिवस आहे’, तीनवर ‘मूठ खिडकीच्या गजाकडे’. गज नसेल तर भिंतीवर खडूची खूण चालेल, पण ती हात पोचतो त्याच्या फक्त चार बोटं पुढे. फार लांब ठेवली तर माणूस खुर्चीवर जाईल. चिठ्ठ्या घडी घालून डब्यात ढवळा. सासूबाईंनी एक उचलायची, मनात वाचायची, खिशात टाकायची आणि हात लांबवायचा. मोजणाऱ्याला चिठ्ठी दिसता कामा नये, हाच सगळा जीव आहे. दोन खेपांमध्ये मिनिटभर बसू द्या. दमल्या तर उरलेल्या उद्या. शेवटी चिठ्ठ्या उघडून आकडे तीन ढिगांत लावा. एक-दोन सेंटीमीटरचा फरक तसाही पडतो, तो मोजू नका. आमचा अंदाज असा की पहिले दोन ढीग शेजारी शेजारी राहतील आणि गजाचा ढीग पुढे असेल. तसं नाही आलं तर तुमचे आकडे खरे, आमचा अंदाज चूक.

यातून सासूबाईंना स्वतःच्या हाताने उत्तर मिळतं, आणि घरात वाद होत नाही. सुनेने सांगितलेलं कोण ऐकतं?

आता शब्द कुठले द्यायचे. लहान, फार तर दोन-चार शब्दांचे, आणि हालचालीच्या आधी. चालताना बोलायला लागलं की ज्यांना थांबावं लागतं, त्यांचा पडण्याचा धोका जास्त असतो, हे १९९७ मध्ये स्वीडनमधल्या वृद्धांवर दिसून आलं आहे. कारण बोलणं आणि तोल एकाच लक्षावर जगतात. म्हणून पायऱ्या उतरताना २१ वेळा लांबलचक वाक्य म्हणणं हेच मुळात घातक. म्हणायचंच तर सकाळी खुर्चीत बसून म्हणू द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त ज्याला स्वतःबद्दल मुळातच शंका आहे त्याला असली वाक्यं उलटी चावतात, हेही २००९ च्या एका प्रयोगात आढळलं आहे. ‘मी खंबीर आहे’ म्हणताना त्यांचा चेहरा पडत असेल तर ते सोडाच.

खुर्चीतून उठताना: पाय मागे घेऊन ‘नाक पुढे’, मग ‘जमीन ढकल’. नाक पायाच्या बोटांवर आल्याशिवाय ढुंगण उचललं की माणूस मागे बसतो, हीच नेहमीची चूक. वरच्या फळीवरचा डबा काढताना: ‘डबा’, बस. ‘नीट उभी राहा’ नको. पाऊल आधी फळीजवळ न्यायचं, मोकळा हात ओट्यावर टेकलेला. ओट्यावर नुसतं बोट टेकवलं, १०० ग्रॅमपेक्षा कमी भार दिला, तरी शरीराचं डुलणं कमी होतं. ते बोट वजन पेलत नाही, बातमी देतं. काठीचंही निम्मं काम हेच, आणि सासूबाईंना काठी म्हणजे कमजोरी वाटत असेल तर त्यांना एवढंच सांगा की ती तिसरा डोळा आहे.

काठी डाव्या हातात, कारण गुडघा उजवा दुखतो. अनेकजण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि गुडघ्यावरचा भार तसाच राहतो. उंची: हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या रेघेपर्यंत. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर या पावसाआधी बदला. जांभ्या दगडावर झिजलेलं रबर साबणासारखं सरकतं. पायऱ्यांसाठी शब्द: ‘चढता बरा, उतरता दुखरा’. चढताना आधी बरा पाय, मग काठी आणि दुखरा. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय, मग बरा.

आणि घरातल्या सगळ्यांसाठी एक. नातू लांबून ओरडतो ना, ‘गे आजी, पडशीत!’ ते बंद करा. ‘अमुक होऊ देऊ नको’ म्हटलं की, विशेषतः डोकं दुसऱ्या कशात गुंतलेलं असताना, नेमकं तेच होण्याकडे कल जातो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९९८ मध्ये गोल्फचा चेंडू ढकलायला लावून हे दाखवलं होतं. शिवाय हाक ऐकून आजी मान वळवते, आणि ओल्या खळ्यात मान वळवणं हेच घसरण्याचं निमित्त. ओरडायचंच तर ‘आजी, थांब’ आणि मग ‘रेलिंग धर’.

हद्द पुढे नेणारे व्यायाम तुमच्याकडे आधीच आहेत, फिजिओथेरपिस्टने दिलेले. तेच पुन्हा सुरू करा, आमच्या नव्या यादीची गरज नाही. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, हे शंभराहून अधिक चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये मांडलं गेलं. मात्र आठवड्याला तीन तास भरले पाहिजेत आणि तोल थोडा डळमळला पाहिजे. खुर्चीत बसून हात हलवण्याने तोल सुधारत नाही. ओटा धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं लावून दहा सेकंद उभं राहणं, हे त्यांच्या यादीत असणारच. एका पायावर पाच सेकंदही उभं राहता येत नसेल तर ते फिजिओथेरपिस्टना मुद्दाम सांगा. सासूबाईंना सकाळी उठल्यावर भोवंड येते का, कुशीवर वळताना घर फिरतं का, झोपेची गोळी चालू आहे का, मोतीबिंदू तपासून किती दिवस झाले, तळपायाला मुंग्या येतात का, हेही विचारून घ्या. रक्तदाब आधी पाच मिनिटं आडवं झोपवून आणि मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजायला डॉक्टरांना सांगा. वरचा आकडा २० ने उतरला तर दोष गोळ्यांचा असू शकतो, आणि तिथे शब्दही हरतात, व्यायामही.

राहिला बिल्ला. ‘पॉवर बॅलन्स’ नावाचं तोल सुधारणारं ब्रेसलेट जगभर खपत होतं. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीला मान्य करावं लागलं की या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही, आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. ते विकतानाही हाच हात दाबण्याचा खेळ केला जायचा.

बिल्ल्याचे १,५०० रुपये बाजूला ठेवा. शेवटच्या पायरीपाशी ३८ ते ४० मिलिमीटर जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप हवा, पायरीच्या कडेपासून ८५ ते ९० सेंटीमीटर उंच, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर गेलेला. बरेच फॅब्रिकेटर तो शेवटच्या पायरीवरच संपवतात, आणि हात सुटतो तिथेच पाऊल सुटतं. पैसे कमी पडले तर आधी एकाच बाजूला बसवा. ती बाजू उतरतानाच्या उजव्या हाताची, कारण डाव्यात काठी असणार. चढताना तो पाइप डाव्या हाताला येईल, तेव्हा काठी उजव्या हातात घ्यायची. रेलिंग भक्कम असेल तर ते चालतं. शेवाळावर ब्लीचिंग पावडर पसरून अर्ध्या तासाने खराट्याने घासा, भरपूर पाणी ओता, आणि सासूबाईंना पायरी सुकेपर्यंत मागच्या दाराने जाऊ द्या.

टेपचे आकडे वहीत तारखेसह ठेवा. चार आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच भिंतीला, अनवाणीच पुन्हा मोजा आणि आम्हाला कळवा. गजाच्या ढिगाचा आकडा वेगळा लिहा.